पुठ्ठ्याचे संगणक

जुन्नर,
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय मंगल,

बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्यांवर रविवारी आपण बुटांना पॉलिश करत बसायचो. तुझे झाले की तू न विचारता माझा डावा बूट ओढून घ्यायचीस. आज सकाळी हे का आठवलं, कळत नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. तुझ्या रमणलालशेठचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, वाचून बरं वाटलं.

त्यांनी आमच्या अध्यापक विद्यालयाला पाच संगणक दिले, त्याला दोन वर्षं झाली. तू दर पत्रात विचारतेस, ‘मुली शिकतात ना गं?’ मी लिहिते, ‘छान शिकतात.’ कशावर शिकतात, ते सांगायचं राहिलं.

पुण्याहून शिकवायला माणूस आला तो एकच दिवस. भराभर बोलला. मी मान हलवत राहिले. पुन्हा कुणी फिरकलं नाही. प्राचार्य म्हणाले, “तुमचं कॉन्व्हेंटचं शिक्षण, बाई. तुम्हाला काय अवघड?” मंगल, मला ते यंत्र साधं चालू करता येईना. चाळीस मुलींसमोर कसं सांगायचं? मग मी दरवर्षी करून घेते तसं शैक्षणिक साहित्यच करून घेतलं. पुठ्ठ्याचे संगणक! अक्षरांच्या कळा इतक्या सुबक, की बघत राहावं. तेजस्विनीने तर पडद्यावर लेण्याद्रीचा डोंगर रंगवला. तिला मी संगणकाच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण दिले.

आता ती आंबेगावच्या डोंगरातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात तिथे खरा संगणक आला. हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, “पैकीच्या पैकी, अन् बटन कुठंय ते ठावं न्हाई? गुणपत्रिका कुठनं छापून आनली, बाई?” वर तक्रारही केली. मंगळवारी चौकशी आहे. गुणपत्रिका बनावट ठरली तर तिची नोकरी जाईल.

काल तिचे वडील, कुंडलिकभाऊ, आले होते. “पोरगी म्हनती, बाईंनी दिलं त्येच आमी केलं. तुमी देवमानूस. तुमीच सांगा, खोटं कोन?” मी चहा दिला. साखर घालायची विसरले. ते तसाच प्यायले.

खरं सांगितलं तर उरलेल्या एकोणचाळीस जणींच्या गुणांवरही संशय येईल. गप्प बसले तर ही एकटी खोटी ठरेल. काही सुचत नाही गं. मी यंत्राला घाबरले, की मुलींच्या नजरेला, हेही नीट कळत नाही. सगळं कबूल केलेली सोबतची दोन पत्रं सकाळपासून तीनदा फाडायला घेतली. माझ्याजवळ राहिली तर फाडेनच.

म्हणून हे सगळं कुंडलिकभाऊंच्याच हाती पाठवते आहे. उद्या ते कांदा घेऊन तुमच्या मंचरच्या बाजारात येताहेत. आत काय आहे, त्यांना ठाऊक नाही. खाकी पाकीट त्यांना दे, चौकशीच्या साहेबांसाठी. आधी त्यांना वाचून दाखव. माझ्याने झालं नाही. पांढरं प्राचार्यांना टपालाने धाड. रमणलालशेठना मीच येऊन सांगेन. तुझी सून रिद्धी दुकानातला संगणक चालवते ना? तेजस्विनीला चार दिवस ठेवून घेऊन ती शिकवेल का, विचार. हो म्हणाली, तर शेजारी आणखी एक खुर्ची मांडायला सांग. तिथे मी बसेन.

हे वाचूनही आपली म्हणशील तर,
तुझीच
इंदुमती