अ‍ॅलिसमावशीच्या वाट्याचं पांघरूण

सफोक, नोव्हेंबर १५५७

अ‍ॅलिसमावशी,

आई गेली. पाद्रीबाबांनी तिचं मृत्युपत्र सगळ्यांसमोर वाचलं. गाय मला, पितळी हंडा रेफदादाला, आणि "लोकरी पांघरूण माझी जुळी बहीण अ‍ॅलिस हिला. ती हिवाळ्यात माझ्याशेजारी निजते." तू सातव्या वर्षीच तापानं गेलीस, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं.

रेफदादा हसला. "मेलेल्यांना कसली आलीय थंडी?" म्हणत त्यानं पांघरूण आपल्या पोरांसाठी नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तो ते परत घेऊन आला. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. "ठेव बाई तुझ्याकडेच," तो म्हणाला. "पोरं सांगतात, एक मुलगी अंथरुणात शिरते आणि म्हणते, 'जरा सरक ना, मार्जरी.'"

आईचं नाव पोरांना ठाऊकही नव्हतं गं. त्यांच्यासाठी ती नुसती आजी.

मी पांघरूण आईच्या बिछान्यावर घातलं आणि तिथंच निजू लागले. आधी भीतीनं अंग आखडलं. मग पाठीशी इवलीशी ऊब टेकली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

मावशी, काल तू आली नाहीस. माझं काही चुकलं का?

तुझी भाची,
थॉमसिन