एक ठोका उशिरा

३ मार्च
अखेर जगाला जाग आली. चार पोरांचा एक बँड आमच्या ‘सर्व्हिसिंग बाकी’ बँडची गाणी वाजवत गावोगाव हिंडतोय. तरुणपणी सासऱ्यांच्या मोटार गॅरेजात आम्ही एकच रेकॉर्ड केली. तेव्हा ते सासरे नव्हते, नुसतेच गॅरेजवाले होते. रेकॉर्डच्या बहुतेक प्रती आमच्याच माळ्यावर आहेत. एक या पोरांच्या हाती कशी लागली, देव जाणे. त्यांची गिटारवाली मुलगी फोनवर म्हणाली, काका, पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात ‘ब्रेक फेल’ तुम्हीच वाजवायचं. म्हटलं, डायरी बघून सांगतो. डायरी हीच. बघितली. मोकळाच आहे.

५ मार्च
संकल्प: रोज दोन तास रियाज.
रेकॉर्ड ऐकली. दुसऱ्या कडव्यानंतर मी एक ठोका उशिरा येतो आणि बाकीच्यांना गाठायला धावत सुटतो. त्यात अँप्लिफायरचा स्पीकर फाटका, त्यामुळे गिटार घसा बसल्यासारखी खरखरते. इतकी वर्षं हा डाग घेऊन जगलो. आता धुऊन काढणार.
मेहुण्याला फोन केला. तेव्हाचा आमचा ड्रमर, आता लाँड्री चालवतो. म्हणाला, भावोजी, इस्त्री गरम आहे, नंतर बोलू. कलेचं काही पडलेलंच नाही माणसाला.

९ मार्च
रियाज झाला नाही. बोटांना फोड. शिवाय टाइल्सच्या शोरूममध्ये दिवसभर उभं राहून पाय सुजतात. सुजलेल्या पायांनी गिटार वाजत नाही, हे बायकोला पटत नाही.

१४ मार्च
अँप्लिफायर माळ्यावरून काढून रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोनदा विचारलं, नक्की बदलायचा ना? नवा स्पीकर बसवून घेतला. आवाज इतका साफ झाला की बायको म्हणाली, हा तुझा वाटतच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं.

२१ मार्च
पोरं घरी आली. अँप्लिफायर बघून ती मुलगी त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. मी वाजवून दाखवलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भारावली असावीत.
मग तिने विचारलं, जुना स्पीकर कुठाय? म्हटलं, कचऱ्याच्या गाडीत. त्यांच्यातल्या दाढीवाल्याने विचारलं, गाडी कधी गेली? म्हटलं, काळजी नको, केव्हाच गेली.
जाताना कळलं, ती खरखर जमावी म्हणून यांनी आजवर कितीतरी चांगले स्पीकर ब्लेडने फाडून पाहिलेत. आजकालच्या पोरांना वस्तूची किंमतच नाही.

२८ मार्च
जुनं लेदर जॅकेट चढवलं. चेन लागत नाही. चेन उघडीच ठेवायची असते.
दोन तासांचा रियाज मला लागत नाही असं लक्षात आलं. फक्त ती दुसऱ्या कडव्यानंतरची जागा घोटतोय. आता डोळे मिटूनही वेळेवर येतो. बायको म्हणाली, त्या पोरांना एकदा विचार तरी. म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं?

४ एप्रिल
कार्यक्रम झाला.
हॉल भरलेला. बायको आणि मेहुणा पुढच्या रांगेत. मला बोलावलं तेव्हा टाळ्या थांबेनात. ‘ब्रेक फेल’ सुरू झालं. दुसरं कडवं संपलं. मी बरोबर ठोक्यावर आलो. आयुष्यात पहिल्यांदा.
बाकी कोणीच आलं नाही. त्यांचा ड्रमर थांबला, ती मुलगी थांबली, हॉलमधल्या सगळ्यांनी हात वर करून श्वास रोखला आणि एक ठोका उशिरा एकदम उड्या मारल्या. ही लोकं म्हणे त्या जागेसाठीच येतात. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटा बरोबर होतो. गाणंही सगळ्यांच्या आधी संपवलं.
 

५ एप्रिल
वाईट वाटतंय. रात्रभर डोळा लागला नाही.
सकाळी त्या गिटारवाल्या मुलीचा फोन. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, काका, पुढच्या कार्यक्रमालाही या, फक्त ती जागा रेकॉर्डसारखी घ्या. म्हटलं, त्यात काय, माझीच तर चूक आहे.
दुपारभर बसलो. येत नाही. मुद्दाम उशीर केला की नुसता उशीर होतो.
बायको म्हणाली, रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा मी बाबांच्या गॅरेजात आत आले, तू माझ्याकडे बघत राहिलास, म्हणून ठोका चुकला. हे ती आज सांगतेय. मी म्हटलं, मग आता परत ये. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी वेळेवर. पुन्हा आली. वेळेवर. केस सोडून आली, तरी वेळेवर.
मग ती म्हणाली, जाऊ दे, मला कपडे वाळत घालायचेत.
रविवारी ती मुलगी येणार आहे, मला माझी चूक शिकवायला.