पाहुण्यांचं पाणी

१९ मे, सोमवार

वर्गातल्या दोघांना पुण्याची प्रयोगशाळा, एकीला हैदराबाद. मला वाशिम. उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज भरताना देशभराची नावं वाचत बसले होते, आणि मिळालं काय, तर आमच्या जऊळक्याहून एका पॅसेंजरच्या अंतरावरचं सरकारी पाणी तपासणीचं ऑफिस. असो. नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

तिथल्या मॅडम बऱ्या वाटल्या. आधी बाटल्या धुवायच्या, मग हात बसवायचा. सरावासाठी दर सोमवारी आपापल्या घरचं पाणी आणायचं. फोनवर सांगितलं होतं म्हणून काल मी आमच्या वस्तीतल्या हातपंपाची बाटली भरून आणलीच होती.

२० मे

फ्लोराइड बघायचं. पाण्यात लाल औषध टाकायचं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका; मीटर तो रंग वाचून आकडा देतं. डोक्यात उलटंच बसतंय. लाल राहिलं तर चांगलं, फिकं पडलं तर वाईट.

माझं फिकं पडलं. आकडा दोनच्या वर. दीडच्या वर असेल तर पिऊ नये. मॅडम म्हणाल्या, "नवा हात आहे, होतं असं." पुन्हा केलं. पुन्हा तेच. घरी फोनवर बोलले नाही. नव्या हाताचा आकडा काय सांगायचा?

२६ मे, सोमवार

ऊन लागलं म्हणून काल घरी गेलेच नाही. बाबा बाजाराला येणार होते, त्यांच्यासोबत आईने बाटली पाठवली. आकडा ०.२! रंग तसाच लालभडक. मॅडम म्हणाल्या, "बघ, बसला हात."

खरं सांगायचं तर रडू येईल की काय असं झालं. आठवडाभर छातीवर धोंडा होता. पाणी नापास झालं की पंपाला लाल रंग मारतात, म्हणजे पिऊ नका. आणि आमचा पंप बाबांनी पंचायत समितीत चपला झिजवून आणलेला आहे. त्याआधी आजी गावातल्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर भरायचं, नाहीतर उभं राहायचं. बाबा हे कधी बोलत नाहीत. आई सांगते, भांडी घासता घासता.

१ जून, रविवार. घरी

चिंगीचे पुढचे नवे दात आलेत. पिवळट, वर तपकिरी रेघा. वहिनी म्हणते, "चाकलेटं खाते दिसभर." मी सारखी तिच्या तोंडात बघतेय.

चिंगी: "आत्या, तू दाताची डाक्टर झाली का?"

बाटली आज मीच भरली.

२ जून, सोमवार

परत दोनच्या वर.

मॅडम या वेळी हसल्या नाहीत. "पाणी आठवड्यात बदलत नसतं. तुझा हात बदलतो." अशा हाताला शिफारसपत्र कोण देणार. पण मी केलं तरी काय वेगळं? तीच नळी, तेच औषध, तीच मी. की मीटर खोटं? की मधला आठवडा खोटा? माझ्याच बोटांवर विश्वास राहिला नाही. भाजीत मीठ टाकतानाही दोनदा विचार केला.

६ जून, शुक्रवार

शेवटी आईला फोन.

"मागच्या वेळी बाटली कशी भरली होती?"

"साजरी घासून धुतली. मंग कॅनचं पाणी भरलं."

"कॅनचं कायले?"

"मंग का पंपाचं देऊ? सरकारी हापिसात चाललं. तिथं कोन्या साहेबानं पेलं तं काय म्हनन, ऐसं मचूळ पाठवते म्हनून?"

विकतच्या फिल्टर पाण्याचा कॅन आमच्याकडे फक्त पाहुण्यांसाठी असतो. मी फोनवरच हसत सुटले. मग एकदम थांबले. माझा हात खरा निघाला होता. पहिल्या दिवसापासून खराच होता. तेच हवं होतं ना? म्हणजे पंप नापास.

मॅडमना सांगितलं. त्याही खूप हसल्या आणि त्याही थांबल्या. "सोमवारी पंपाचीच बाटली आण. माझ्यासमोर कर. तेच निघालं तर रीतसर नमुना घ्यायला आमचा माणूस पाठवते."

मी हो म्हणाले. का म्हणाले?

८ जून, रविवार. घरी

दुपारी जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"रंग मारतीन?"

"हो."

"मंग पानी?"

"टँकर येईल. नाहीतर गावातल्या विहिरीवरून..."

"गावातली इहीर," बाबा म्हणाले. उठले आणि पंपावर जाऊन हात धुतले, कितीतरी वेळ.

वहिनीने विचारलं, "चिंगीचे दात त्यानंच का?" बहुतेक, मी म्हणाले. पुढे हाडांनाही होतं, हे पण सांगून टाकलं. सांगायला नको होतं का? कोणी चिडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पिशवीत बघते तर दोन बाटल्या. आई म्हणाली, "एक पंपाची, एक कॅनची. पंपाचीले काया दोरा बांधला. कोनती द्याची थे तू पाह्य. मले नको इचारू." दोन्ही उजेडात धरल्या. सारखीच दिसतात.

मी तशीच बसले होते तेवढ्यात चिंगी खेळून आली, तहान लागली म्हणत. कॅन कलता केला तर रिकामा. होतं नव्हतं ते आईने माझ्या बाटलीत भरलेलं. चिंगी सवयीने पंपाकडे निघाली. मी हाक मारली, आणि बिनदोऱ्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. घटाघट प्यायली, फ्रॉकला तोंड पुसलं, पळाली.

आई चुलीशी होती. तिने पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली.

पिशवीत आता दोऱ्याची एकच बाटली आहे. बाबांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ते बाहेर पंपाच्या दांड्याला तेल घालतायत, आवाज येतो म्हणून.