पान वाढण्यापूर्वीचे पाढे

अंजनगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८५

चिरंजीव गोवर्धनास अनेक आशीर्वाद. येथील क्षेम यथास्थित असून अमरावतीस तुझी प्रकृती कशी आहे ते लिहावे. मागील पत्रात ‘मी सौदा पाहिलो’ असे आहे. ‘पाहिला’ असे हवे. बाजारात राहून भाषा बिघडू देऊ नये.

भाव चढेतोवर थांबा, या तुझ्या निरोपाप्रमाणे कापूस घरातच ठेविला आहे. माजघर आढ्यापर्यंत भरले. सूनबाई जमुना दिवसभर वेचणीस असते.

चंद्रभानाच्या अभ्यासाविषयी तू विचारलेस. आठव्या वर्षीच अक्षर वळणदार आहे. दिवा लागला की तो ‘बे दिढे तीन’ असे दिडकीचे पाढे म्हणतो, आणि ते निर्दोष झाल्यावाचून घरात कोणाचेही पान वाढले जात नाही. हा नियम तुझ्या वेळेपासूनचा; तू जाणतोसच.

मंगळवारी दिवेलागणीस तो सापडेना. गोठा पाहिला, विहीर पाहिली. आरंभी क्षेम लिहिले, ते तितकेसे खरे नाही. शेवटी तुझ्या आईने माजघराच्या दारास कान लावला. कापसाच्या ढिगातून बारीक आवाज येत होता. तुझा पुत्र आत शिरून पाढे म्हणत होता.

मी ऐकत उभा राहिलो. एकही चूक नव्हती. ढीग कोसळता तर पोर गुदमरले असते, हे मला सुचले नाही. मी चूक शोधीत होतो.

तुझ्या आईने दोन्ही हातांनी कापूस उपसून त्यास बाहेर ओढले. मला पाहताच तो म्हणाला, “आबा, तुमी कायले आले? आता चुकन मी.”

“चुकलास तर काय होईल?”

“माय उपाशी राह्यते. दिवसभर वेचून येते थे.”

दाराआडून जमुना सासूस म्हणाली, “आत्याबाई, उद्या याले दर्यापूरले नेतो. माह्या बापाच्या घरी पोरगं अडाणी राहीन, पन जेवन तरी.”

तुझी आई तशीच वळली. चुलीपाशी गेली, स्वतःचे पान वाढून घेतले, आणि माझ्यादेखत, माझ्याआधी, जेवावयास बसली. चाळीस वर्षांत असे घडले नव्हते.

“हे काय?” मी विचारले.

“भाकर हाय. वळखली नाही का? लय दिवसांनी गरम दिसली म्हून?” मग सुनेस हाक मारली, “ये वो जमुना, बस. लेकराची जीभ न् आपलं पोट एका दाव्याले बांधाचं नाही आता.”

सर्व जेवले. मी शेवटी जेवलो.

तेव्हापासून आधी जेवण होते. जमुना गेली नाही. तिने बांधलेले गाठोडे मात्र अद्याप सोडलेले नाही. काल चंद्रभान जेवून आपण होऊन माझ्याजवळ बसला. ‘पाच दिढे साडेसात’पर्यंत नीट आला, पुढे अडखळला. मी सांगितले नाही, मानही वर केली नाही. तो थोडा थांबला, हसला, आणि पुन्हा पहिल्यापासून निघाला.

गोवर्धना, त्या वयात तू कोठे लपत होतास? अजूनही सणास येतोस आणि मी पाटावर बसताच ‘भूक नाही’ म्हणून उठतोस. त्याचे कारण मी कधी विचारले नाही. कदाचित मला ठाऊक होते.

सुनेचे गाठोडे माझ्या शब्दाने सुटणार नाही. तू ये. आल्यावर माझ्या शेजारी जेवावयास बस. आजवर तुला आज्ञाच लिहिल्या. हे मागणे आहे.

तुझा बाप,
महादेव