टाकीखालचं पेव

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण साऱ्या जन्मात तुम्हाला कधी तसं म्हटलं नाही, आता कुठं सुरुवात करू? तुम्ही मुक्कामी गाडीवर असलात की मी पुढच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी पाठवायची, तशीच ही समजा. आज तुमची माशांची टाकी पुन्हा भरली. पाणी अगदी सरळ उभं आहे. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागेना.

झालं काय ते ऐका. तुमचं वर्षश्राद्ध आलं म्हणून बैठकीतली जळमटं काढत होते. टाकीकडं नजर गेली तर पाणी तिरकं! भिंतीकडं काठाला टेकलेलं आणि दाराकडं चांगलं खाली गेलेलं. वाकून बघते तर स्टँडचा मागचा पाय शहाबादी फरशीत रुतलेला, फरशीला ही मोठी चीर.

मी म्हटलं नव्हतं? कुर्डुवाडीच्या त्या बंद पडलेल्या हॉटेलातून पलंगाएवढी टाकी टेम्पोत घालून परंड्याला आणलीत, तेव्हा दारातच विचारलं होतं, एवढं ओझं फरशी पेलंल का? भरल्यावर सात-आठ पोती ज्वारीचं वजन, तेही चार लोखंडी पायांवर! तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "आगं, माडीवर ठेवतोय का? खाली जमीन हाय, जमीन!" आणि वर मलाच बादल्या भरायला लावल्यात.

आपला विकास श्राद्धासाठी पुण्याहून आला होता. त्यानं चीर बघितली आणि म्हणाला, आई, देऊन टाकू ही टाकी. सुट्टीत पोरं इथंच खेळतात, काच फुटली तर? बार्शीच्या मित्राला घेऊन जा म्हणून कळवलंसुद्धा. त्याचं चुकत नव्हतं हो. पण मला टाकी द्यायची नव्हती.

त्याला कसं सांगायचं? सगळा जन्म तुम्ही स्टेअरिंगवर आणि मी चुलीपुढं. एका खोलीत शेजारी-शेजारी बसून चहा घेतला तो तुम्ही रिटायर झाल्यावर, या टाकीसमोर. बोलायची सवय कुठं होती आपल्याला? मग त्या काळ्या ऑस्कर माशावरून बोलायला लागलो. तोंड फुगवून फिरतो म्हणून तुम्ही त्याचं नाव 'साहेब' ठेवलंत. साहेबावरून डेपोवर, डेपोवरून माझ्या माहेरावर, असं रोज कुठंकुठं जाऊन यायचो. आपला खरा संसार तिथं झाला. ती टाकी दुसऱ्याच्या घरी जाणार म्हटल्यावर मला रडू आलं, खरं सांगते.

तेवढ्यात आक्का आल्या. तुमच्या थोरल्या बहिणीचं तुम्हाला ठाऊकच आहे, आल्या की आधी घरभर फिरणार. काठी टेकत टाकीपाशी गेल्या आणि थांबल्या. काठी पुन्हा फरशीवर आपटली. खाली पोकळ आवाज.

"हितं आपलं पेव न्हाय का गं?" आक्का म्हणाल्या.

पेव! ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड घागरीएवढं आणि पोट खोलीएवढं. आक्कांनी मग सगळं काढलं. लहानपणी तुम्ही काटकुळे, म्हणून तुमच्याच कमरेला दोर बांधून आत सोडायचे. तुम्ही आतून ओरडायचात, "आक्का, दोर सोडू नगंस!" आणि आक्का मुद्दाम दोर हलवून तुम्हाला भिववायच्या.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं! मामंजींनी फरशी घातली तेव्हा पेव बुजवलं, असं आक्कांना सांगत आलात. बुजवलं कुठं? तोंडावर दगड ठेवून चिखलानं लिंपलं होतं नुसतं. आणि अख्खं घर सोडून तुम्ही नेमकी त्याच्याच पोटावर टाकी ठेवलीत! आक्का आणि मी इतक्या हसलो की विकास धावत बघायला आला. श्राद्धाच्या घरात हसू नये म्हणतात. पण तुम्हीच हसवलंत, आम्ही काय करणार?

रशीदभाई गवंड्यांना बोलावलं. मासे मागच्या हौदात हलवले, मांजराच्या भीतीनं वर जाळी टाकली. साहेब रुसला, दाण्याला तोंड लावेना. पेव उघडून तसंच ठेवलं, आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणाला वाकूनसुद्धा बघू दिलं नाही. मग दोरानं कंदील सोडला. तळाला थोडा काळा पडलेला कडबा होता, बाकी रिकामं.

विकास काठावर बसून कितीतरी वेळ आत बघत होता. "अण्णा यात उतरायचे?" असं मला आणि आक्कांना पुन्हा पुन्हा विचारत होता. मग पँट दुमडून मुरमाच्या पाट्या स्वतः टाकायला लागला. मुरूम भरला, पाणी सोडून धुमसला. संध्याकाळी त्यानंच मित्राला फोन करून सांगितलं, येऊ नको, टाकी घरातच राहणार आहे.

वर काँक्रीट टाकायच्या आधी रशीदभाईंनी विचारलं, "भाभी, वजन किती धरू?"

"टाकीचं धरा," मी म्हटलं, "माझं धरा. आणि यांच्या खुर्चीचं धरा, यांच्यासकट."

रशीदभाईंनी सळया आणखी जवळ-जवळ बांधल्या.

आता स्टँडखाली जाड सागवानी फळ्या आडव्या घातल्यात, म्हणजे ओझं चार पायांवर न पडता सगळ्या फरशीवर वाटलं जातं. हे आधी केलं असतंत तर! असू द्या. साहेब परत आलाय, तोंड अजून फुगलेलंच आहे.

एक शब्द देते तुम्हाला. साहेबाला चिमटीपेक्षा जास्त दाणे घालणार नाही, आणि टाकीसमोरची तुमची खुर्ची कुणाला हलवू देणार नाही. पाहुण्यांना सतरंजी टाकीन. रोज चहाच्या वेळेला मी तिथंच असेन. कधीही या, निवांत बसा. जमीन पक्की आहे, आणि दोर माझ्या हातात आहे. मी सोडत नाही.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून,
मंगल