आईच्या लुगड्याची झोळी

विंझर, ता. ४ जानेवारी १९३८

चि. मानसिंगास ठकुबाईचा आशीर्वाद. वि. वि. हे पत्र उस्मानभाई दुकानदार लिहितायत. रागाचे शब्द जरा कमी करू का म्हणाले. म्या म्हटलं, एक बी न्हाई.

आईचं हिरवं लुगडं म्या माहेरी, तुझ्याकडच्या पेटीत जपून ठेवलं हुतं. माघात माझे दिवस भरत्यात. आधीची दोन लेकरं गेली. ह्या बाळाला तरी आजीच्या लुगड्यात गुंडाळायचं, एवढीच माझी आस. आन तू त्याची झोळी करून तोरण्याच्या रानात दोन झाडांना बांधलीस! सकाळी गेनू गुराख्याला वाटलं, कुणी दुखणाईत माणूस झोळीत टाकून पळालं. त्यानं गाव गोळा केलं. बघत्यात तर माझाच भाऊ, गारठून काळानिळा, शेजारी भांड्याकुंड्यांचं ओझं! माझी लई शोभा झाली. घरदार असताना पौषात डोंगरावर निजायचं हे खूळ कुठनं आलं, ते खरं खरं कळव.

राग हाय तसाच लोभ बी हाय, एवढं ध्यानात ठेव.
ठकुबाई

भाटघर, ता. ९ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्काच्या चरणी मानसिंगचा शि. सा. न. वि. वि. सगळ्या गावादेखत मला झाडलंस, तेवढ्यानं पोट भरलं नाही का? आई माझीही होती. लुगडं कशासाठी ठेवलंय, हे मला कधी सांगितलं होतंस?

खरं विचारतेस तर ऐक. मोजणीवाल्या साहेबांची एक तुकडी चैत्रात हिमालयात निघते आहे. पाठीवर ओझं घेऊन थंडीत चालणारी माणसं त्यांना हवीत. तिकडच्या ओल्या रानात भुईवर निजता येत नाही, झोळीच टांगावी लागते. ते अंगवळणी पडलं तरच मला घेतील. अंगावर दोन घोंगड्या होत्या, तरी माझी पाठ लाकूड झाली. गारठा वरून नाही, खालून चढतो, एवढं शिकलो. पुन्हा जाणार आहे, दाजींनी अडवलं तरी.

लुगडं धुऊन पाठवतो आहे. दोरीपाशी काठ फाटलाय. हवं तेवढं रागाव, पण मला इथं बांधून ठेवू नकोस.

कृपा आटू देऊ नये ही विनंती.
मानसिंग

विंझर, ता. २ मार्च १९३८

चि. मानसिंगास आशीर्वाद. वि. वि. मुलगा झाला. जगला. दिवसभर रडतो, मामावर गेलाय.

फाटका काठ बघून म्या ज्या शिव्या दिल्या, त्या उस्मानभाई लिहीत न्हाईत. पण लुगड्याचा राग कवाच निवला. आईबाप गेले, आता माझं माहेर म्हंजे तू एकटा. तू बी निघालास, आन मला कळलं ते म्या भांडले म्हणून! ह्याचा राग मातुर जायचा न्हाई.

लुगड्याचे दोन भाग केले. एकात बाळ निजतं. दुसऱ्याची, आत चिरगुटं भरून, जाड गोधडी शिवलीय. तुझ्या दाजींच्या हाती धाडते. अंगावर घेऊ नको, झोळीच्या खालनं बांध.

बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. तू येईस्तोवर ह्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार न्हाई. केस डोळ्यांवर आले, गाव हसलं, तरी न्हाई.

लोभ पुरेपूर हाय. तो घ्यायला स्वतः ये.
ठकुबाई