नामशेषाचा हिस्सा

मी, खाली सही करणारी, तीन भावंडांतली मधली, वय एकोणऐंशी, पूर्वी वनस्पतींच्या जीवाश्मांची अभ्यासक आणि आता नुसती पेन्शनर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि पाठीमागे कोणीही उभे नसताना लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला, तर खात्री करायला त्यांनी मोबाईल काढला.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी माझ्या थोरल्या भावावर (यापुढे 'दादा') चिडून केली होती. हेही चिडूनच करते आहे, पण या वेळी आधी जेवून घेतले आहे.

कलम १. दगड कापायची करवत, घासायच्या चकत्या आणि सूक्ष्मदर्शक माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावेत. माझे काम काय होते हे बहुतेक नातेवाइकांना अजून कळलेले नाही, म्हणून सांगते: कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्याचा दगड झाला ते लाकूड मी कापत असे आणि उजेड आरपार जाईपर्यंत घासत असे. मग त्यात झाडाच्या पेशी दिसत. वहिनी पाहुण्यांना 'त्यांचं फरशीचं काम असतं' असे सांगत आल्या. भाची दातांची डॉक्टर आहे. कापणे, घासणे आणि आ वासून बसलेल्या माणसाशी एकटीने गप्पा मारणे, या तिन्ही गोष्टी तिला येतात.

कलम २. काचेवर चिकटवलेले सगळे नमुने माझ्या जुन्या विभागाला. विभागप्रमुख माझेच विद्यार्थी. माझी खुर्ची त्यांनी मी उठायच्या आधीच घेतली होती, त्यामुळे ती वेगळी देत नाही. आमचा एक वाद मिटायचा राहिला आहे. तो त्यांनी आता एकट्याने जिंकावा.

कलम ३. शेजाऱ्यांनी नेलेली माझी शिडी शेजाऱ्यांनाच. म्हणजे मला मागायला नको आणि त्यांना लपवायला नको.

कलम ४. आरामखुर्ची वहिनींना. दादाने तीत बसू नये. बँकेतली शिल्लक भाचीला, मात्र तिने आधी मागच्या अंगणाचे कुंपण नीट करून घ्यावे.

कलम ५. आता घर. हे घर आईवडिलांचे, आम्हा तिघा भावंडांच्या नावावर. दादा लग्नानंतर थोड्याच वर्षांत फ्लॅटवर गेला, मी इथेच राहिले. या घरातला माझा तिसरा हिस्सा आणि मागच्या अंगणावरचा माझा हक्क मी माझ्या धाकट्या भावाला (यापुढे 'धाकटा') देत आहे. धाकटा: हयात, पत्ता ठाऊक नाही.

वकिलांनी मसुद्यात 'मयत धाकटे बंधू' असे टाइप करून आणले होते. ते मी खोडले.

"बाई, तुमच्या दादांचा कोर्टात अर्ज चालू आहे ना, त्यांना मयत जाहीर करण्याचा?"

"आहे ना. कोर्टात जे चालू आहे ते तिकडे चालू दे. मृत्युपत्र माझं आहे, मरायचा मान माझा."

वकील हसले नाहीत. त्यांना तासावर पैसे मिळतात.

झाले ते असे. दादाने शब्द टाकून धाकट्याला बँकेत चिकटवले होते. वर्ष भरायच्या आत तो नोकरी सोडून आला आणि म्हणाला, "काउंटरमागे मला गुदमरतं, दादा." दादा म्हणाला, "मग जा कुठं जायचं तिथं. आम्हाला तू मेलास." असे आपण सगळेच बोलतो आणि संध्याकाळी एका टेबलाशी जेवायला बसतो. धाकटा बसला नाही. दोन बंदरांवरून फोन आले, मग तेही थांबले. याला चाळीस वर्षे उलटली. तेव्हा दादा रागात जे बोलला, तेच आता त्याला शिक्क्यानिशी हवे आहे. कारण विचारले तर सांगतो, "कागद स्वच्छ होतील."

कलम ६. हे कलम वकिलांना अनावश्यक वाटते. राहू द्यावे.

आमच्या शास्त्रात असले अर्ज पटापट मंजूर होतात. एखादे झाड फक्त दगडात सापडते, जिवंत कुठे दिसत नाही, की आम्ही 'नामशेष' लिहून मोकळे होतो. म्हणजे झाड गेले, नाव तेवढे उरले. मागच्या अंगणातला मेटासेक्वोया त्यातलाच. ही मंडळी दहा कोटी वर्षांपूर्वीपासूनची. एके काळी उत्तरेकडची सगळी जमीन त्यांची होती, अगदी ध्रुवाजवळसुद्धा, कारण तेव्हा तिथे बर्फ नव्हता, दलदल आणि जंगल होते. पुढे पृथ्वी थंड होत गेली, कोरडी होत गेली आणि एकेका प्रदेशातून त्यांचे बस्तान उठले. जीवाश्म पाहून आमच्या लोकांनी झाडाला नाव ठेवले. चार-पाच वर्षे होताहेत तोच कळले की चीनमधल्या एका दरीत ते उभे आहे. नंतर आम्ही फक्त एकमेकांना नावे ठेवली. त्या दरीतल्या लोकांचे झाडासाठी स्वतःचे नाव होते आणि ते त्याचा पाला गुरांना घालत होते. झाड हरवले आहे हे त्यांना कुणी कळवलेच नव्हते.

अशी आणखी आहेत. झेल्कोव्हाचे घराणे घ्या. एक भावंड सिसिलीत, एक क्रीटमध्ये, एक कॉकेशसच्या बाजूला, बाकीची पूर्व आशियात. मधले नातेवाईक थंडीत गेले. सिसिलीतल्याला तर धड बीसुद्धा धरत नाही, मुळांतून फुटवे काढत ते दिवस ढकलते आहे. दक्षिणेकडे अरोकेरियाचे: पायाखालची जमीनच दुभंगली, एक शाखा दक्षिण अमेरिकेत राहिली, दुसरी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, मध्ये आख्खा समुद्र. आमच्या घरातल्यापेक्षा त्यांची वाटणी मोठी होती आणि तरी कुणी कोर्टात गेले नाही. अशा झाडांना आम्ही अवशेषवृक्ष म्हणतो. लोक त्यांना मागासलेली समजतात. तसे काही नसते. जिथे त्यांना गुदमरत नव्हते तिथे ती राहिली, एवढेच.

आता विभागप्रमुखांशी असलेल्या वादाबद्दल. मेटासेक्वोया सूचिपर्णी असून हिवाळ्यात सगळी पाने टाकतो. माझे मत असे की ही सवय त्याला ध्रुवाजवळ लागली, जिथे महिनोन्महिने अंधार असे आणि पाने पोसणे परवडत नसे. ते म्हणतात पुरावा पुरेसा नाही. नसेल. पण पानगळीनंतर हे झाड हुबेहूब मेल्यासारखे दिसते, एवढे तरी त्यांनी मान्य करावे.

मी रोप आणून लावले त्या पहिल्याच हिवाळ्यात दादा ते उपटायला निघाला. "वाळलं हे. उगीच जागा अडवतंय." धाकटा मध्ये पडला. त्याने सालीला नख लावून दाखवले. "बघ दादा, आत हिरवं आहे." दादाने पाहिले, पण पटले असे म्हणाला नाही. त्यानंतर दर हिवाळ्यात तो अंगणात येऊन झाड मेल्याचे जाहीर करतो. वसंतात पालवी फुटते तेव्हा त्याला नेमका दुसरीकडे वेळ असतो.

तेव्हा भाचीला सूचना: झाड तोडायचा विचार हिवाळ्यात करू नये. घर तिने सांभाळावे, भाड्याने देऊ नये. धाकटा तिच्या हयातीत आला नाही तर माझा हिस्सा तिला जाईल, हे वाक्य वकिलांच्या आग्रहास्तव. तिने काकाला फक्त फोटोत पाहिले आहे. आता तो सत्तरीचा असेल, फोटोशी ताडून पाहत बसू नये.

कलम ७. दादाला काहीही नाही. हे रागाने नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात, आणि मला साक्षीला दादाच हवा आहे. 'धाकटा: हयात' असे लिहिलेल्या कागदाखाली त्याची सही हवी आहे. बाकी मला कशाचीच पडलेली नाही, शिडीचीही नाही.

दादा, मला तुझे कळते. तो मेलेला असला तर तुला फक्त दुःख आहे. जिवंत असला तर तो तुझ्या शब्दामुळे येत नाही, आणि ते तुला सोसत नाही. मलाही तो न आल्याचे फार लागते. रोज लागते. पण त्यावर उपाय म्हणून मी त्याला मारणार नाही. तू आलास तर सही कर. नाही आलास तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला येतो म्हणाला आहे. त्याचे अक्षर तुझ्यापेक्षा चांगले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि एक 'मयत' सोडून त्यात खोडण्यासारखे काही सापडले नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली, अंगणाकडची खिडकी.
दिनांक: १७ जानेवारी.
सही: मधली

आमच्या समक्ष सही झाली:

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचे औषधदुकानदार. (सही)

साक्षीदार पहिला: थोरला भाऊ. (सही)

पहिल्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला शेरा, वकिलांनी खोडण्यास सांगूनही न खोडलेला:

मजकूर वाचला. 'हयात' या शब्दाला माझी हरकत नाही. झेरॉक्सवाल्याची गरज नाही. या घराच्या दारावरची बेल वाजत नाही. मला दर वेळी खिडकीवर थाप मारावी लागते, पण मी मारतो. धाकटा दोनदा बटण दाबेल आणि निघून जाईल, त्याला थांबायची सवय नाही. उद्या सकाळी दुरुस्तीला माणूस पाठवतो. मधलीने कृपा करून दार उघडावे.